वहिनीच्या टाचांचे एकवीस दिवस

तमाम आप्तेष्ट, सोयरेधायरे, भाऊबंद आणि सुज्ञ वाचक यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, यंदा चैत्रात माझ्या वहिनीच्या दोन्ही टाचा भर मंगल कार्यालयात जाहीर होणार होत्या. आणि लग्न एकवीस दिवसांवर आलेलं असताना त्या टाचा जाहीर करण्याजोग्या मुळीच नव्हत्या.

हसू नका. ज्यांच्या घरात मुलाचं लग्न होऊन गेलंय त्यांना ठाऊक आहे की आमच्याकडे अक्षता पडल्या की विहिणीचे पाय धुतात. नवऱ्या मुलाच्या आईला खुर्चीत बसवायचं, पुढे पितळी परात ठेवायची, आणि मुलीच्या आईनं कोमट पाण्यानं, मग दुधानं तिचे पाय धुऊन, पुसून, कुंकू लावायचं. भोवती बायकांचं कडं. हल्ली त्या कड्यात व्हिडिओवाला आणि माईकवालाही घुसलेत. वरमाईच्या आयुष्यात हा एवढाच प्रसंग असा येतो, की ती बसलेली असते आणि दुसरं कुणीतरी तिच्या पायाशी असतं. माझ्या वहिनीला तर नुसती बसलेली पाहणं हाच एक सोहळा ठरला असता.

आधी माणसं सांगते. मोजकीच आहेत. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, राहुरीजवळ आमच्या गावात मुळेच्या कालव्याखालचा ऊस, कांदा आणि बारा गाई सांभाळतो. दिवसाला साधारण बारा वाक्यं बोलतो, त्यातली बरीचशी गाईंशी. त्याची बायको म्हणजे ही वहिनी. आणि मी. नगरला राहणारी, पन्नाशी ओलांडलेली, घरच्यांच्या मते आगाऊ आणि माझ्या मते उत्साही. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या लग्नाला मदत म्हणून मी तीन आठवडे आधीच माहेरी येऊन बसले. मदत म्हणजे काय, तर कुणी न विचारता मत देणे. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पहिल्याच दुपारी वहिनी हौदाशी दुधाच्या किटल्या विसळत होती. मान वर न करता म्हणाली,

"आक्का, पाय धुवायला मी काय बसनार न्हाई. थोरल्या जाऊबाईला बसवू."

"का गं? वरमाई तू का जाऊबाई?"

"वरमाई मीच. पन पाय त्यांचे चांगले हायेत."

मी खाली पाहिलं. सत्तावीस वर्षांत त्या पायांकडे मी नीट पाहिलंच नव्हतं, ही कबुली इथंच देऊन टाकते. तळवे रुंद, बोटं एकमेकांपासून फटकून उभी, आणि टाचांच्या कडेनं भेगा. उगाच फुगवून सांगत नाही. पण त्यातल्या एकीत कांद्याचं रोप खोचलं असतं तर ते उभं राहिलं असतं.

आणि ते तिथं उभं राहणं न्याय्यच झालं असतं, कारण आमच्या वावरातली निम्मी रोपं त्याच पायांनी चिखलात उभं राहून लावलेली आहेत. कांदा लागणीच्या वेळी वाफ्यात चप्पल रुतते, म्हणून ही अनवाणी. गोठ्यात ओल्या सिमेंटवर चप्पल घसरते, म्हणून अनवाणी. घरात तर काय, घरच आहे. शिवाय त्या पायांकडे एक खातं होतं, जे दादानं कधी जाहीर केलं नव्हतं. वावर भिजवलं की पेरणीसाठी जी नेमकी ओल यावी लागते, चिकट नाही आणि कोरडीही नाही, तिला वाफसा म्हणतात, आणि हा वाफसा दादा हाताला माती लावून पाहतो, नि मग हळूच म्हणतो, "जरा येऊन बघ गं." वहिनी येते, चार पावलं टाकते आणि सांगते: आज, उद्या किंवा परवा. बस्स. दादाचा ट्रॅक्टर या चार पावलांवर चालतो.

असे पाय कुणासमोर धरायला तिला लाज का वाटावी, हे मला कळेना. संध्याकाळी चहा घेताना तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या एका लग्नात अशाच एका वरमाईचे पाय धुताना तिच्या याच थोरल्या चुलत जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "पाय धुतेत का वावर धुतेत?" सगळ्या बायका खदखदल्या.

"मग? त्या बोलतातच तशा."

वहिनी कप बशीत ठेवून म्हणाली, "मी बी हसले हुते, आक्का. लई हसले हुते. त्या बाईनं पाय आत वढून घेतले तवा मी बघितलं."

मी तिला न विचारताच तिच्या कपात आणखी चहा ओतला.

त्यातून येणारी विहीण संगमनेरची, हायस्कुलातली बाई. साखरपुड्याला आल्या तेव्हा कडक इस्त्रीची साडी, चष्मा, आणि सँडलमध्ये पांढरेशुभ्र मोजे. घरात चपला काढल्या तरी मोजे पायातच. वहिनीनं तेवढंच पाहिलं होतं. "पायाला ऊन लागू देत न्हाईत त्या. आन् त्या माझ्या टाचंला हात लावनार? न्हाई बाई."

तेव्हा मी पदर खोचला आणि जाहीर केलं, की एकवीस दिवसांत या टाचा विहीणबाईंच्या हातात शोभतील अशा केल्या नाहीत तर मी लग्नात जेवणार नाही. वहिनी म्हणाली, "तुमी? जेवनार न्हाई?" आणि पहिल्यांदा हसली.

आता उपचार. बाजारातली ट्यूब मी मुद्दाम आणली नाही. ट्यूब वहिनीनं जपून ठेवली असती, लेकीसुनेला होईल म्हणून. घरात जे बनतं, उरतं, तेवढंच ती स्वतःला लावेल, हे मला पक्कं माहीत होतं.

पहिला प्रकार सोपा. घमेल्यात सोसवेल इतकं ऊन पाणी, मूठभर जाडं मीठ आणि त्यात अर्धा तास पाय. पाणी सोपं होतं, मीठ सोपं होतं, अर्धा तास अवघड होता. पहिल्या दिवशी ती चार वेळा उठली. एकदा कुकरला, एकदा वासरू सुटलं म्हणून, एकदा भाजीवाल्याचा भोंगा वाजला म्हणून आणि चौथ्यांदा कशालाच नाही, नुसती सवय म्हणून. दुसऱ्या दिवशी मी कावा केला. तिनं नुकतीच फरशी पुसून घेतली होती, लख्ख. मी घमेलं नेऊन बरोबर मधोमध ठेवलं, तिला खुर्चीत बसवलं, पाय पाण्यात घातले आणि लांब सरकले. आता उठायचं तर ओल्या पायांनी स्वतःच पुसलेल्या फरशीवर उमटत जावं लागणार. ती दोनदा उठायला गेली, फरशीकडे पाहिलं आणि बसली. गोठ्यातून वासरू हंबरत राहिलं.

"आक्का, तुमी लई वंगाळ हाव."

"व्हय. पाय खाली."

पुढच्या दिवसांत ती तशीच बसून लसूण सोलायची, रुखवताच्या पिशव्या शिवायची, पाहुण्यांच्या याद्या करायची. लग्नाचं निम्मं काम घमेल्यात पाय घालून झालं आहे.

पाय फुगले की टाचा घासायची वजरी. ही पितळेची खरबरीत वजरी मी बाजारातून आणली आणि गोल गोल, हलक्या हातानं फिरवली. वहिनीला गुदगुल्या होतात हे सत्तावीस वर्षांत कुणालाही माहीत नव्हतं. ती इतक्या जोरात किंचाळली, की शेजारची म्हातारी काठी टेकत विचारायला आली, "साप निघला का?"

त्यावर मलम. नगरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मी मेणाचा खडा आणि कोकमतेलाचा गोळा आणला होता. दोन्ही पातेल्यात मंद आचेवर वितळवून त्यात घरचं खोबरेल घातलं, ढवळत ढवळत गार केलं. पिवळसर, लोण्यासारखं झालं. ते भेगांत भरायचं आणि वरून भाच्याचे जुने शाळेचे मोजे चढवायचे. काळी साडी, राखाडी मोजे आणि डोक्यावर वैरणीचा भारा अशी वरमाई गोठ्याकडे जाताना पाहून दादा थांबला. मोज्यांपासून भाऱ्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "पी.टी.चा तास हाय का?" त्या दिवसाची त्याची वाक्यं तिथंच संपली असावीत.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे काशाची वाटी. फडताळात आईच्या वेळची एक होती. तळव्याला घरचं तूप लावून ती उपडी फिरवत राहायची. हळूहळू तूप काळं पडतं. अंगातली उष्णता निघते म्हणतात. उष्णता निघते की काशाचा रंग निघतो या वादात मी पडत नाही. माणूस मात्र त्यानं असा सैलावतो, की विचारू नका. वहिनी अर्ध्यातच पेंगायला लागायची.

सहाव्या दिवशी मला साड्यांच्या फॉल-पिकोसाठी दोन दिवस नगरला जावं लागलं. जाताना बजावलं, वाटी रोज फिरली पाहिजे. वहिनी म्हणाली, "माजा हात माज्याच तळव्याला पोचत न्हाई, कंबर धरती." मी म्हटलं, बघ काहीतरी.

परत आले तर टाचा पाहण्यासारख्या झालेल्या. भेगांच्या कडा बसलेल्या, कातडी तुकतुकीत.

"कुणी चोळलं गं?"

"कुनी न्हाई."

"मग?"

"आपसुक."

काशाची वाटी फडताळात नव्हती. मी तपास सुरू केला. माझ्यातली पोलीस अधिकारी लग्नामुळे वाया गेली असं मला नेहमी वाटतं. संध्याकाळच्या धारांच्या वेळी गोठ्यात गेले, तर कोनाड्यात, गाईच्या सडांना लावायच्या लोण्याच्या डब्याशेजारी, आईची वाटी. काळी कुळकुळीत.

"दादा, ही इथं कशी?"

त्यानं धार थांबवली नाही. "कोनती?"

"ही. काशाची."

"आसंल."

"तूप कुणाच्या सडांना लागतं?"

धार थांबली. दादाचे कान मागून लाल झाले. साठीला टेकलेल्या माणसाचे कान इतके लाल होऊ शकतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी वाटी पदराखाली घेऊन निमूट बाहेर आले आणि वहिनीला गाठलं.

आमच्याकडे नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो. तिला पाप लागतं म्हणतात. वहिनी हे अगदी मनापासून मानते. पहिल्या दिवशी तिनं पाय ओढून घेतले होते. तेव्हा दादानं तिला सांगितलं, "गाईचे सड फाटले तर लोनी लावतोच ना मी? मग?" तिनं पाय पुन्हा पुढे केला.  पण तिनं आपली सोय काढली. दुपारी घरातली माणसं कलंडली की तो गोठ्याच्या ओट्यावर बसून वाटी फिरवायचा आणि झालं की ती उठून त्याच्या पाया पडायची, पाप जिथल्या तिथं फेडून मोकळी.

"आक्का, कुनाला सांगू नका. गावात कळलं तर यांना तोंड काढता येनार न्हाई."

मी आईची शपथ घेतली आणि वाटी गुपचूप परत गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून आले. तुम्हाला हे आता सांगते आहे, कारण ती शपथ पुढे माझ्याकडून मोडली गेली नाही. गुपित फोडणारा दुसराच निघाला.

मधेच कालव्याला पाणी सुटलं. दादानं चाऱ्याच्या मक्यासाठी वावर भिजवलं आणि दोन दिवसांनी बांधावरून हाक आली, "जरा येऊन बघ गं." वहिनीनं मोजे काढले आणि आत पाऊल टाकलं. "आई गं!" ढेकूळ टोचलं. दुसरं पाऊल, पुन्हा "आई गं". दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतके दिवस तूप चोळून आपण आपलाच वाफसा बुडवला की काय, असा. मीही मनातून चरकले. वहिनी जागीच उभी राहिली, बोटं मातीत रुतवली, डोळे मिटले.

"उद्या सकाळी. वरनं मोकळं वाटतंय, पन खाली चिकाट हाय अजून." मग डोळे उघडून आश्चर्यानं म्हणाली, "आवो, पयल्यापरीस जास्त कळतंय की!"

दादा हसला. आवाज नाही, नुसते दात. त्या क्षणी मला त्या बाईचा असा काही अभिमान वाटला, की मी बांधावरून टाळ्या वाजवल्या आणि दोन बगळे उडवले.

इथंच मी थांबायला हवं होतं. टाचा मऊ होत्या, बारीक भेगा मात्र राहिल्या होत्या. जुन्या, खोल, बुजल्या तरी दिसणाऱ्या. लग्नाला तीन दिवस होते. मला वाटलं, यांच्यावर एक छानसा एकसारखा रंग चढला, की झाकून जातील. आणि तळपायाला मेंदी लावली की उन्हाळ्यात गारवाही मिळतो. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवली, आणि दोन्ही टाचांना शेणानं सारवावं तशी सारवून काढली. वर रुबाबात म्हणाले, "बघच आता."

सकाळी धुतली. पाहिली. मी खाली बसले.

मेंदीनं आपलं काम चोख केलं होतं. मऊ कातडीवर फिकट नारिंगी रंग आला होता आणि प्रत्येक भेग आतपर्यंत मेंदी प्यायली होती. गडद, लालकाळी, कोरून काढल्यासारखी. काल ज्या भेगा जवळ जाऊन शोधाव्या लागत होत्या त्या आज ओसरीवरून मोजता येत होत्या. दादा आला, वाकला, चष्मा लावून पुन्हा वाकला.

"ह्यो उजवा कालवा," तो उजव्या टाचेकडे बोट करून म्हणाला. मग डावीकडे. "ह्यो डावा. आन् ही बघ, आपल्या वावराला पानी आननारी चारी. बरोबर वळती."

खरोखरच अख्ख्या मुळा धरणाचा नकाशा. मी हसायला लागले, तो हसायला लागला, आणि वहिनी उठून आत गेली.

लिंबू चोळलं, साखर चोळली, टोमॅटो चोळला. मेंदीची रीतच अशी, की दुसऱ्या दिवशी रंग आणखी चढतो. तो चढला. त्या संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आक्का, मी जाऊबाईला फोन केला. त्या हो म्हनल्या."

"वहिनी..."

"तुमी लई केलं. पन आता नगं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. जिला स्वतःच्या मुलाच्या लग्नात एकदा, फक्त एकदा, बसायचं होतं, तिची खुर्ची मी माझ्या शहाणपणानं दुसरीला देऊन टाकली होती. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. जेवणार नाही म्हणाले होते ते असं खरं झालं.

लग्नाच्या दिवशी सगळं रीतसर झालं. भाचा देखणा दिसत होता, सून त्याहून. अक्षता पडल्या, फटाके वाजले. मग माईकवाल्यानं घोषणा केली, "वरमाईंनी खुर्चीकडे यावं! विहीणबाई पाय धुवायला येत आहेत!"

थोरल्या जाऊबाई तयारच होत्या. तालुक्याला जाऊन पाय करून आल्या होत्या. नखांना लालभडक रंग, पायात जाड जोडवी. पैठणी घोट्यापर्यंत उचलून धरत त्या खुर्चीकडे निघाल्या. वहिनी बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी होती, पाय निऱ्यांखाली ओढून घेतलेले. मी तिच्या शेजारी. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि माझ्याआधी दुसराच आवाज आला.

"थांबा."

दादा. डोक्याला फेटा, हातात पाहुण्यांना द्यायचे नारळ. तो बायकांच्या कड्यात शिरला होता, जिथं गावातला कुठलाही पुरुष शिरत नाही. जाऊबाई एक पाऊल अलीकडे थबकल्या.

"काय झालं, भावजी?"

दादानं नारळ शेजारच्या खुर्चीवर ठेवले. घसा खाकरला. "खुर्चीत ती बसंल," तो म्हणाला. "पाय तिचे चोळलेत मी. पंधरा दिस. तुपानं, वाटीनं. तुमचे न्हाई चोळले."

माईक जवळच होता. ते सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं.

जाऊबाईंनी एकदा स्वतःच्या लालभडक नखांकडे पाहिलं. मग मागून कुणीतरी पुरुष ओरडला, "त्यांचे चोळायला त्यांचे मालक हायेत की!" आणि हास्याचा असा काही कल्लोळ उठला, की आचारी बाहेर आले. बायकांनी तोंडाला पदर लावले. आमची शेजारची म्हातारी दोन्ही हातांनी दादाची अलाबला काढत म्हणाली, "आरं माज्या राजा, चाळीस वर्सं आधी का न्हाई सांगितलं आमच्या म्हाताऱ्याला!" दादाचे कान फेट्यातून दिसत होते, कुंकवाच्या रंगाचे. पण तो हलला नाही. दिवसाला बारा वाक्यं बोलणारा माझा भाऊ सगळ्या भावकीसमोर उरलेली वाक्यं बोलायच्या तयारीत उभा होता.

"आजून सांगू का? वाटी काशाची. तूप घरचं..."

"बसते!" वहिनी बायकांना बाजूला सारत पुढे धावली. "बसते मी, बसते! पन तुमी गप ऱ्हावा!"

आणि बसली. तांबडीलाल होऊन, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. जाऊबाईंनी पैठणी खाली सोडली, आणि त्यांचं हे मला आवडलं, की त्यांनी स्वतःच वाकून परात खुर्चीजवळ सरकवली.

विहीणबाई आल्या. चष्मा, जरीची साडी, सँडल बाजूला काढलेले आणि पायात तेच पांढरे मोजे. एका हातानं खुर्चीचा दांडा धरून त्या हळूच खाली बसल्या. वहिनीची बोटं आकसली. विहीणबाईंनी निऱ्या जरा वर केल्या, उजवा पाय उचलून परातीत घेतला, कोमट पाणी घातलं, आणि नकाशा उजळला. उजवा कालवा, त्याच्या चाऱ्या, सगळं लख्ख. कड्यातल्या बायका पुढे झुकल्या. मी डोळे मिटून घ्यावेत की उघडे ठेवावेत या विचारात एक मिटला.

विहीणबाई थांबल्या. त्यांचा अंगठा टाचेवरून हळूच फिरला, एका गडद रेषेवरून दुसरीवर, जिथं चारी वळते तिथं वळला. मग परत आला. मग त्यांनी टाच मुठीत धरून जराशी दाबली, वही तपासताना एखादं उत्तर पुन्हा वाचावं तशी. डावा पाय घेतला. तिथंही तेच. दूध घातलं, पुसलं, कुंकू लावलं, आणि पाय खाली ठेवायच्या ऐवजी हातातच धरून बसल्या. 

"नाव घ्या, नाव घ्या!" बायकांनी गलका केला. पाय धुताना उखाणा घ्यायची पद्धत. माईकवाल्यानं चपळाईनं माईक विहीणबाईंच्या तोंडासमोर धरला. सगळ्यांनी कान टवकारले. हायस्कुलातल्या बाई, उखाणा जोरदार असणार.

पण त्यांचं लक्ष माईककडे नव्हतंच. त्या वहिनीच्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि त्यांनी उखाणा म्हणून जे काही उच्चारलं ते स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांनी ऐकलं:

"अहो विहीणबाई, भेगा असून इतक्या मऊ? काय लावलंत ते आधी सांगा हो, मी साखरपुड्यापासून माझ्या टाचा मोज्यात लपवून फिरतेय!"